पिशवी काढली, मग रिपोर्ट आला

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी पुण्यात नोकरी करते, वय ३८. आई ६३ वर्षांची, संगमनेरजवळच्या गावी भावाकडे असते. तिचं अंग (गर्भाशय) खाली सरकून बाहेर येत होतं. किती वर्षं, ते तिने सांगितलंच नाही. लघवी अडायला लागली तेव्हा वहिनीला कळलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पॅपची तपासणी केली (नॉर्मल आली), शुगर आटोक्यात आणली आणि खालच्या बाजूने पिशवी काढली. अंडाशयं काढलेली नाहीत. पाचव्या दिवशी ती घरी आली. बाराव्या दिवशी भावाच्या व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला : एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा, ग्रेड १. भाऊ चिडलाय, डॉक्टरांवर केस करायची म्हणतो. काका म्हणतात, हत्यार लागलं, आता तो पसरणार. सगळ्यांचं एकमत फक्त एका गोष्टीवर आहे : आईला काही कळू द्यायचं नाही. तिला ‘टाके दाखवायला मुंबईला जायचंय’ असं सांगितलंय. आमचे मामा पंचेचाळिशीत आतड्याच्या कॅन्सरने गेले, म्हणून मला माझीही भीती वाटते. मी पिशवी काढून टाकू का? आई मात्र रोज एकच विचारते, म्हशीचं दूध कधीपासून काढू? रिपोर्ट आणि सोनोग्राफीचे फोटो जोडले आहेत.

उत्तर :

नमस्कार. दोन्ही कागद नीट वाचले. हो, हा कॅन्सर आहे; गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा. पण तुमच्या घरी सगळ्यांनी रिपोर्टमधला तो एकच शब्द वाचून फोन खाली ठेवलेला दिसतो. त्याच्या खालच्या चार ओळी जास्त महत्त्वाच्या आहेत, त्या आधी वाचूया.

ग्रेड १ म्हणजे पेशी अजून बऱ्याचशा मूळ अस्तरासारख्या दिसतात, शांत जातीच्या आहेत. गाठ दीड सेंटिमीटरची. गर्भाशयाची स्नायूंची भिंत १२ मिलिमीटर जाड, त्यातल्या ३ मिलिमीटरपर्यंत आजार गेलाय, म्हणजे अर्ध्याच्या बराच अलीकडे थांबलाय. गर्भाशयाचं तोंड मोकळं आहे. आणि ‘एलव्हीएसआय नॉट सीन’ असं जे लिहिलंय, त्याचा अर्थ सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि रसवाहिन्यांमध्ये कॅन्सरच्या पेशी दिसलेल्या नाहीत. या पाच गोष्टी एका कागदावर पाहिल्या की माझ्यासारखीचा खांदा जरा सैल होतो. पहिल्या टप्प्यातल्या अशा आजाराच्या शंभरातल्या नव्वदहून अधिक बायका पाच वर्षांनंतरही असतात. आणि या आजाराचा मुख्य उपचार म्हणजे गर्भाशय काढणं. तो आईचा झालेला आहे, कुणाला ठाऊक नसताना झालेला आहे, एवढंच.

अंग बाहेर येण्याच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या पिशवीत असं काही निघणं किती दुर्मीळ? बहुतेक अभ्यासांत कॅन्सर शंभरात एकीपेक्षाही कमी जणींत सापडलेला आहे. कॅन्सर नसलेल्या गोष्टी मात्र सर्रास निघतात. फायब्रॉइड, पॉलिप, गर्भाशयाच्या तोंडाची जुनी सूज, अस्तराची वाढ. आपल्याकडे तर एखादीच्या अस्तरात टीबीच्या खुणाही सापडतात; आयुष्यात कधी खोकला न झालेल्या बाईला मग टीबीची औषधं घ्यावी लागतात.

ऑपरेशन झाल्यावर थिएटरच्या दारात नर्सने तुमच्या भावाला ट्रेमध्ये पिशवी दाखवली असेल. आपल्याकडे ती रीतच आहे. नातेवाईक बघतात, मान डोलावतात, ‘हां, निघाली म्हणजे’ असं म्हणतात. नुसत्या डोळ्यांना त्या ट्रेमध्ये बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. पुढे ती फॉर्मालिनच्या डब्यात जाते, लॅबमध्ये तिच्या चकत्या होतात, मेणाचे ब्लॉक बनतात, केसाहून पातळ काप काचेवर चढतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. तुमच्या डॉक्टरांनी हा डबा लॅबला पाठवला. ‘साधं अंग बाहेर येण्याचं तर ऑपरेशन, कशाला तपासणीचा खर्च’ असं म्हणून तो न पाठवणारेही आहेत. पाठवल्यावर रिपोर्ट आणायला कुणीच जात नाही, असंही मी पुष्कळ पाहिलंय. भावाला राग आलाय तो ज्या कागदामुळे, तो कागद त्या डॉक्टरांनीच मिळवून दिलाय हे त्याला सांगा.

तरी ‘आधी का कळलं नाही’ हा त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर सरळ हो-नाहीत मिळणार नाही.

पॅप नॉर्मल होता, मग कॅन्सर कुठून आला? पॅप गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आहे. दार ठीक आहे एवढं ती सांगते, माजघरात काय चाललंय ते तिला दिसत नाही. माजघराची चौकशी होते ती सोनोग्राफीने आणि अस्तराचा छोटा तुकडा काढून. आईच्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी ७ मिलिमीटर लिहिली आहे. पाळी गेलेल्या बाईला एकही डाग दिसलेला नसेल, तर ७ मिलिमीटरसाठी सहसा कुणी तुकडा काढत नाही. साधारण ११ मिलिमीटरच्या पुढे तो विचार होतो. पण तिला डाग दिसले असतील, तर ४ च्या वर गेलं की तुकडा तपासायलाच हवा. म्हणजे एकच बाई, एकच सोनोग्राफी, तोच ७ चा आकडा. आणि डॉक्टरांचं चुकलं की नाही हे एका गोष्टीवर ठरणार : आईला पाळी गेल्यानंतर कधी लाल डाग दिसला होता का, आणि तो कुणाला कळला होता का.

तुमच्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही. भावाला माहीत नसणार, काकांना तर नाहीच. माझा अंदाज आहे की डाग होते. या कॅन्सरच्या दर दहापैकी नऊ जणींना रक्तस्राव होतोच. पण अंग बाहेर येणाऱ्या बाईचा डाग फसवा असतो. बाहेर आलेला भाग कपड्याला घासतो, कोरडा पडतो, त्यावर जखम होते, ती जखमही रक्ताळते. मग जो काही डाग दिसेल तो बाई जखमेच्या खात्यावर टाकते. कधी कधी डॉक्टरही तिथेच टाकतात. आतून आलेलं रक्त कोणतं आणि बाहेरच्या जखमेचं कोणतं, हे साडीवर वेगळं दिसत नाही. म्हणून जखम असली तरी ‘डाग’ हा शब्द आला की अस्तर तपासून घ्यावं, असं मी शिकाऊ डॉक्टरांना सांगत असते.

आणि हा शब्द येतच नाही, त्याचं कारण सांगते. ओपीडीत अशी बाई एकटी कधीच नसते. मुलगा बरोबर असतो, तोच बोलतो. ‘पाळी जाऊन किती वर्षं झाली?’ मुलगा म्हणतो, झाली असतील दहा. ‘नंतर कधी रक्त वगैरे?’ मुलगा म्हणतो, नाही नाही, तसलं काही नाही. आई खाली बघते. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही एका मुलाचं असं ‘नाही’ केसपेपरवर आईचं म्हणून लिहून घेतलं होतं. त्या बाईच्या पिशवीतही पुढे तुमच्या आईसारखंच निघालं. तेव्हापासून मी मुलांना केसपेपरचा शिक्का आणायला बाहेर पाठवते. शिक्का काही नसतो.

तेव्हा केसचं सध्या बाजूला ठेवा. डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी आणि आधीच्या तपासण्या मागून घ्या. पुढच्या उपचारासाठी त्या लागणारच आहेत, आणि त्या मागणं हा तुमचा हक्क आहे. भांडत गेलात तर हेच कागद मिळायला महिना लागेल. त्यात ‘डाग असल्याचं सांगितलं होतं, तरी तुकडा तपासला नाही’ असं निघालं, तर भावाच्या तक्रारीला आधार आहे. तशी नोंद नसेल, तर निदान कागदावरून तरी डॉक्टरांना दोष देणं कठीण.

आता काकांचं हत्यार. ही समजूत आपल्याकडे इतकी खोलवर आहे की कॅन्सर आहे असं सांगितल्यावर ऑपरेशन नाकारणारी माणसं मी पाहिली आहेत. चाकू लागला म्हणून कॅन्सर पसरत नाही. मात्र काकांच्या भीतीत एक कण खरा आहे, तो टाकून देऊ नका. पिशवी अखंड निघाली की तुकडे करून काढावी लागली, हे महत्त्वाचं असतं. मोठी फायब्रॉइडची पिशवी दुर्बिणीतून काढताना यंत्राने तिचा चुरा करायची पद्धत होती. त्यात न कळलेला कॅन्सर पोटात विखुरला गेल्याची प्रकरणं झाली आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या यंत्राबद्दल इशारा दिला. आईचं तसं नाही. पाळी गेल्यावर पिशवी आक्रसते आणि अंग बाहेर आलेलं असताना ती बहुधा खालून अख्खीच निघते. रिपोर्टमध्येही ‘एक नमुना, अखंड’ अशा अर्थाची ओळ आहे. ती काकांना वाचून दाखवा.

पुढे काय करायचं, ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे लॅबमधून काचा आणि मेणाचे ब्लॉक सही करून ताब्यात घ्या. नुसता पीडीएफ घेऊन कॅन्सरच्या दवाखान्यात गेलात की तुम्हाला परत पाठवतील आणि एक हेलपाटा होईल. तिथला पॅथॉलॉजिस्ट त्या काचा पुन्हा बघतो आणि कधी कधी ग्रेड किंवा खोली बदलते. सगळा उपचार त्यावर उभा असल्याने ही पायरी गाळू नका. मग पोटाचा सीटी किंवा एमआरआय होईल, कारण हे ऑपरेशन कॅन्सर गृहीत धरून झालेलं नव्हतं आणि आत इतर काही आहे का हे कुणी बघितलेलं नाही.

मुख्य प्रश्न येईल तो राहिलेल्या अंडाशयांचा. कॅन्सर आधी ठाऊक असता तर या वयात ती आणि नळ्या पिशवीबरोबरच काढल्या असत्या. आता दुर्बिणीतून पुन्हा छोटं ऑपरेशन करून काढायच्या, की स्कॅन स्वच्छ असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं, यावर कॅन्सरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावं लागेल. तुमच्या आईसारख्या कमी धोक्याच्या आजारात दोन्ही मार्गांनी जाणारे डॉक्टर तुम्हाला भेटतील. माझा कल काढण्याकडे आहे, कारण त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचं फारसं काम उरलेलं नसतं आणि दर वेळी सोनोग्राफीला जाताना मनात धाकधूक राहते. पण आईची शुगर, वजन आणि दुसऱ्यांदा भूल द्यायचा धोका तोलून हे ठरायला हवं, माझ्या कलावर नव्हे. रसग्रंथी (लिम्फ नोड) काढायची गरज या रिपोर्टवरून तरी दिसत नाही. हीच गाठ भिंतीच्या अर्ध्याच्या पलीकडे गेली असती, ग्रेड ३ असता किंवा वाहिन्यांमध्ये पेशी दिसल्या असत्या, तर मी तुम्हाला वेगळ्या सुरात लिहिलं असतं. तेव्हा पुन्हा ऑपरेशन, किरणोपचार, क्वचित केमो या गोष्टी येतात.

घाई किती? टाके आत भरायला सहा आठवडे लागतातच. त्या काळात काचा, स्कॅन आणि भेटी उरका. चार दिवस इकडे-तिकडे झाले म्हणून काही बिघडत नाही, चार महिने झाले तर बिघडेल. आणि मुंबईच कशाला? परळचं टाटा १९४१ पासून आहे आणि त्याच्या दारातली गर्दीही तुम्हाला माहीत आहे. नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथेही कॅन्सरची रुग्णालयं आहेत. संगमनेरहून नाशिक जवळ, आईला प्रवास झेपेल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, बिल झाल्यावर नको.

उपचार संपल्यावर पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आतून तपासणी लागेल. आजार उलटलाच तर बहुधा याच काळात उलटतो, आणि पुष्कळदा योनीच्या वरच्या टोकाशी, जिथे टाके आहेत तिथे. तिथे वेळेवर सापडला तर त्यावर उपचार आहेत. म्हणून आता पुढे कधीही डाग दिसला, तर तो कळला पाहिजे. आणि तो फक्त आईलाच दिसणार आहे.

म्हणून तिला सांगायला हवं. तुम्ही मला हा प्रश्न विचारलेलाही नाही. घरच्यांचं एकमत म्हणून कळवून मोकळ्या झालात. ज्या बाईने वर्षानुवर्षं आपलं अंग बाहेर येतंय हे पोटात ठेवलं, तिच्यापासून आता तुम्ही तिच्याच शरीरातली गोष्ट लपवणार. त्यात ती फसेल असं वाटतं का? महाराष्ट्रात ‘मुंबईला दाखवायला न्यायचंय’ या वाक्याचा अर्थ कळत नाही अशी बाई उरलेली नाही. टाके बघायला कुणी परळला जात नाही. तिने ते ओळखलं असेल आणि तुमच्यासाठी गप्प असेल, ही शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. शिवाय दुसरं ऑपरेशन ठरलं तर संमतीपत्रावर सही तिची लागेल.

सांगताना सगळा गोतावळा नको. तुम्ही एकट्या बसा, वहिनी चालेल. अंग बाहेर येतंय हे घरात वहिनीलाच आधी कळलं होतं. सुरुवात सांगण्याने करू नका, विचारण्याने करा : ‘आई, ऑपरेशनच्या आधी कधी डाग दिसायचे का गं?’ ती काय म्हणते ते ऐकून घ्या, उत्तर आलं तर त्याची तारीख-वार नोंद डॉक्टरांसाठी करून ठेवा. मग सांगा की काढलेल्या पिशवीत खराब गाठ निघाली, ती पिशवीबरोबर गेली, आता बाकी ठिकाणी काही नाही ना ते बघायचंय. कॅन्सर हा शब्द तिने विचारला तर ‘हो’ म्हणा. नाही विचारला तर त्या दिवशी तो तुम्ही काढलाच पाहिजे असं नाही, पण ‘नाही’ मात्र म्हणू नका. ‘माझ्यामुळे झालं का, जड उचललं म्हणून, सांगितलं नाही म्हणून’ असं ती नक्की विचारेल. अंग बाहेर येण्यामुळे हा कॅन्सर होत नाही. बाळंतपणं आणि जड कामं यांनी अंग खाली येतं. हा कॅन्सर वाढलेलं वजन, शुगर, पाळी उशिरा जाणं यांच्याशी जोडलेला आहे, आणि जास्त बाळंतपणं झालेल्यांना तर तो उलट कमी होतो. दोन वेगळे आजार एका बाईत एकाच वेळी होते, आणि त्यातल्या उघड्या आजारामुळे लपलेला सापडला.

आता तुमचं. पिशवी काढू नका. भीतीपोटी पिशव्या काढण्याचं काय होतं ते आपण २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात पाहिलं. ऊसतोड करणाऱ्या, विशी-तिशीतल्या बायकांच्या पिशव्या ‘पुढे कॅन्सर होईल’ म्हणून काढलेल्या निघाल्या, आणि त्या आजही हाडं आणि सांधे धरून बसल्या आहेत. तुमच्या आईचं उदाहरण घेऊन कुणी उद्या ‘बघा, काढली म्हणून वाचली’ असं म्हणायला लागलं, तर त्याला थांबवा. शंभरात एकीपेक्षाही कमी, हे वर लिहिलंय.

पण मामांबद्दलची तुमची शंका खरी आहे आणि ती तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीत. पंचेचाळिशीत आतड्याचा कॅन्सर आणि बहिणीला गर्भाशयाच्या अस्तराचा : ही जोडी दिसली की आम्ही लिंच सिंड्रोमचा विचार करतो. त्यात एक सदोष जनुक घराण्यात वाहतं आणि मुलामुलींकडे यायची शक्यता निम्मी-निम्मी असते. याची पहिली चाळणी आईच्याच ब्लॉकवर होते. एमएमआर नावाची चार प्रथिनांची तपासणी आहे. काचा बघायला द्याल तेव्हा ती करायला सांगा, नव्याने काही कापावं लागत नाही. ती नॉर्मल आली तर तुमचा बराचसा घोर मिटला. नाही आली तर जनुकीय सल्लागाराकडे आधी आई, मग तुम्ही आणि भाऊही. पुरुषांना पिशवी नसली तरी आतडं असतं, हे केस करायला निघालेल्या माणसाला सांगा. मामांची मुलंही त्यात येतात. तसं निघालं तर तुम्हाला नियमित कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून घ्यावी लागेल आणि अस्तरावर लक्ष ठेवावं लागेल, आणि पिशवी काढायचा विचार मुलं झाल्यावर, चाळिशीत, तेव्हाच्या डॉक्टरांबरोबर. तोपर्यंत पाळी बिघडली, मध्येच डाग आला तर तपासून घ्या.

आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर, जे तिला कुणी दिलेलं दिसत नाही. तीन महिने म्हैस नाही. उकिडवं बसून जोर लावायचा नाही, पाण्याची बादली किंवा दुधाची किटली उचलायची नाही; वर शिवलेलं सगळं त्याने पुन्हा खाली येऊ शकतं. शौचाला कुंथायचं नाही, खोकला असेल तर औषध घ्यायचं. त्यानंतर डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं तर स्टुलावर बसून दूध काढायला हरकत नाही, किटली मात्र भावाने उचलायची. तोवर धार कोण काढतंय? वहिनी काढत असेल, तर तिच्याही कंबरेकडे आणि ओटीपोटाकडे एकदा लक्ष द्या, आणि तिला विचाराल तेव्हा तुमचा भाऊ घरात नसेल असं बघा.